जुन्या नागपूरच्या वस्त्या : नावे राहिली, माणसे कुठे गेली?

नागपूर मेट्रोने सीताबर्डीहून पूर्वेकडे निघाले, की रेल्वे स्टेशन मागे पडल्यावर लागोपाठ तीन स्थानकांची नावे पुकारली जातात : दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक आणि चितार ओळ चौक. रोज ये-जा करणाऱ्याला ती केवळ उतरण्याची ठिकाणे वाटतात, पण या तीन नावांत तीन समाज आहेत. दोसर वैश्य हे उत्तर हिंदुस्थानातून आलेले व्यापारी. महाराजा अग्रसेन यांना मूळपुरुष मानणारे अग्रवाल हेही व्यापारीच. चितारी मात्र चित्रे रंगवणारे आणि मातीच्या मूर्ती घडवणारे कारागीर. दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात शहराने आपल्या घडणीची इतकी माहिती फलकांवर लिहून ठेवली आहे आणि तरीही ती वाचण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

जुन्या शहरातील वस्त्यांबद्दल बोलताना आपण सहसा जात आणि धर्म यांच्यापासून सुरुवात करतो : ही कोष्ट्यांची वस्ती, ती मोमिनांची, पलीकडची तेल्यांची, अलीकडची ब्राह्मणांची. हे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हे लोक इथेच का आले आणि त्यांतले काही पुढे इथून का गेले, या प्रश्नांचे उत्तर जातीच्या नावात सापडत नाही. ते बहुतेक वेळा कामात सापडते. राजदरबार, हातमाग, गिरणी, रेल्वे, सरकारी कचेरी किंवा घाऊक बाजार यांपैकी कशाने तरी माणसाला बोलावून आणले, त्याच कामाच्या आसपास त्याने घर बांधले, नातेवाइकांना बोलावले, देऊळ किंवा मशीद उभारली, आणि त्या जागेला नाव पडले. काम संपले की माणसे हळूहळू पांगली, परंतु नाव तिथेच राहिले.

नावे कशी वाचावीत

जुन्या नागपुरातील जागांच्या नावांची शेपटे लक्षात घेतली, तर अर्धे काम होते. ‘पुरा’ म्हणजे एका समाजाची किंवा एका घराण्याभोवतीची वस्ती, जसे मोमिनपुरा, तेलीपुरा, परवारपुरा, चिटणवीसपुरा. ‘ओळ’ म्हणजे एकाच मालाच्या किंवा एकाच कारागिरीच्या दुकानांची रांग : चितार ओळ, सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ. ‘गंज’ हा उत्तरेकडचा बाजारवाचक शब्द लकडगंज आणि लालगंज या नावांत आहे, ‘पेठ’ हा मराठी मुलखातला शब्द गणेशपेठेत आहे, आणि ‘बाग’ म्हटले की तिथे पूर्वी भोसल्यांच्या राजवटीतील एखादी बाग असण्याची शक्यता धरावी : तुळशीबाग, केळीबाग, रेशीमबाग.

वारांची नावे सर्वांत बोलकी आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही आठवडी बाजारांवरून पडलेली नावे होत. पुण्यात जी रविवार पेठ होते, ती नागपुरात इतवारी होते, आणि एवढ्या एका शब्दावरून हे शहर मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढले हे कळते. बाजार हलला, की नावही सोबत प्रवास करते किंवा दुणावते. त्यामुळे ‘जुनी मंगळवारी’ शहराच्या पूर्व भागात आहे आणि ‘मंगळवारी बाजार’ सदरला आहे. बुधवारचा बाजार महाल या जुन्या भागातही भरतो आणि सक्करदऱ्यातही. बाहेरगावच्या माणसाचा यात गोंधळ होतो खरा, पण जिथे ‘जुनी’ हा शब्द टिकून आहे, तिथे मूळ वस्ती आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

एकाच जागेची नावे काळानुसार कशी बदलतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे आजचा गांधीसागर. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळात तो जुम्मा तलाव झाला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून मराठी बोलणाऱ्यांनी त्याला शुक्रवारी तलाव म्हटले. स्वातंत्र्याच्या चळवळीनंतर तो गांधीसागर झाला. जवळचा जुम्मा दरवाजाही तसाच गांधी गेट झाला. फार्सी वळणाची दरबारी भाषा, मराठी राजवट आणि राष्ट्रीय चळवळ असे तीन काळ एका पाण्याच्या काठावर थरांसारखे साचले आहेत. घरातील आजोबांना विचारले, तर ते अजूनही ‘शुक्रवारी तलाव’ असेच म्हणतात.

बारा खेडी आणि एक कोट

देवगडचा (कोकणातले नव्हे, छिंदवाड्याकडचे देवगड) गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले असे मानले जाते. तेव्हा इथे मोठे गाव नव्हते. राजापूर बारसा या नावाने ओळखली जाणारी बारा लहान खेडी नाग नदीच्या आसपास होती, आणि त्यांना जोडून शहर उभे राहिले. औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध आलेल्या आणि इस्लामी नाव धारण केलेल्या या राजाने आपल्या राज्यात हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांतील शेतकऱ्यांना व कारागिरांना बोलावून वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराभोवती कोट घातला आणि वर सांगितलेला तलाव बांधला.

या आरंभाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण नागपूरची ओळख भोसल्यांपासून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात मराठे इथे आले ते गोंड घराण्यातील वारसाहक्काच्या भांडणात. १७३९ मध्ये चांद सुलतानाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या राणीने रघुजी भोसले यांची मदत मागितली. थोड्याच वर्षांत सत्ता रघुजींच्या हाती गेली आणि गोंड राजा नामधारी राहून मानधनावर जगू लागला. त्याच्या वंशजांचा किल्ला महालाच्या जवळ होता आणि त्या भागाला आजही किल्ला म्हणतात. नवी सत्ता जुन्या सत्तेच्या शेजारीच राहायला आली, आणि जुन्याला पूर्णपणे घालवून न देता तिने आपले शहर वाढवले. नागपूरच्या वस्त्यांचा स्वभाव पुढेही असाच राहिला. नवे आले म्हणून जुने लगेच गेले, असे इथे क्वचितच घडले.

दरबाराभोवतीचे शहर

महाल हे नाव भोसल्यांच्या राजवाड्यावरून पडले. राजधानीच्या शहराची रचना समजून घेण्यासाठी राजवाडा मध्यभागी कल्पावा आणि त्याच्याभोवती कामाची वर्तुळे काढावीत. अगदी जवळ राज्यकारभार पाहणारे : चिटणीस, फडणीस, पुरोहित, भोसल्यांचे आप्त आणि सरदार. चिटणवीसपुरा, शिर्के गल्ली, गुजरवाडा ही नावे त्याच वर्तुळातील आहेत. त्यापुढे दरबाराचा सरंजाम सांभाळणारे : जिथे राजाच्या गाड्या असत तो गाडीखाना, जिथे उंट बांधले जात तो उंटखाना, आणि भाला घेऊन चालणाऱ्या शिपायांचा भालदारपुरा. त्याच्याही पलीकडे कारागीर आणि व्यापारी : चितारी, सोनार, तांबट, विणकर, तेली, आणि इतवारीचा बाजार. भोसल्यांच्या सैन्यात अरबही होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी अरब शिपायांनी शहरातला राजवाडा डिसेंबरअखेरपर्यंत सोडला नव्हता.

दरबारी शहराची एक मोठी दुर्बलता असते, ती अशी की त्याचा एकच गिऱ्हाईक असतो. रेशीमकाठी धोतर, जरीचा शेला, चांदीची भांडी, सणाच्या मूर्ती, मिठाई, अत्तर या सर्वांना मागणी दरबारातून आणि दरबारावर जगणाऱ्या घरांतून येत असे. तिसरे रघुजी १८५३ मध्ये पुत्राविना वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले, आणि भोसल्यांची जडजवाहिरे कलकत्त्याला नेऊन लिलावात काढली. त्यामुळे गादी तर गेलीच, पण तिच्यावर पोसलेल्या शेकडो घरांचा आधारही सुटला. पाठोपाठ १८६४ मध्ये राजवाड्याला आग लागून त्याचा बहुतेक भाग नष्ट झाला. महालातील अनेक कुटुंबे नंतरही तिथेच राहिली, मात्र ती आता वतन, वकिली, शिक्षकी आणि कारकुनी यांवर जगू लागली. वाडा तोच होता, परंतु त्यातली चूल वेगळ्या मिळकतीवर पेटत होती.

एकच सूत, तीन वस्त्या

नागपूरच्या वस्त्या समजून घ्यायच्या असतील, तर सुतापाशी थोडे थांबावे लागते. पाचपावली, टिमकी, गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत कोष्ट्यांची वस्ती होती आणि अजूनही आहे. बारीक पोताची, रेशीमकाठी धोतरे व लुगडी हा त्यांचा माल. मोमिनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर वसले. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत तिकडची विणकरांची गावे उद्ध्वस्त झाली, आणि अनेक कुटुंबे दक्षिणेकडे सरकत नागपूर व कामठीपर्यंत आली. महार समाजातील अनेक घरे या प्रदेशात जाडेभरडे कापड विणत आणि सूत कातत असत, ही गोष्ट आज फारशी कोणाला माहीत नसते.

१८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जुम्मा तलावाच्या बाजूला, स्टेशनच्या जवळ आणि कापसाच्या मुलखाच्या तोंडाशी असलेल्या या गिरणीने तिन्ही विणकर समाजांवर वेगवेगळा परिणाम केला.

गिरणीचे स्वस्त कापड सर्वप्रथम जाड्याभरड्या मालाच्या मुळावर आले. खेड्यात विणलेला पंचा किंवा पासोडी गिरणीच्या कापडापुढे टिकेना, आणि हाताने कातलेल्या सुताला तर मागणीच राहिली नाही. त्यामुळे महार विणकरांचा जोडधंदा बुडाला. परंतु त्याच गिरणीला हजारो हात हवे होते, आणि गावकीच्या जाचातून सुटण्याची वाट शोधणाऱ्या माणसांना रोख पगाराची नोकरी मिळत होती. त्यांतून उत्तर नागपुरातील इंदोरा आणि त्याच्या आजूबाजूच्या कामगार वस्त्या वाढल्या. बेझनबाग हे नाव एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांची आठवण देते, म्हणजे बौद्ध समाजाच्या एका महत्त्वाच्या वस्तीचे नाव एका पारशी व्यवस्थापकावरून पडले आहे.

कोष्ट्यांचे उलट झाले. त्यांनी गिरणीचे बारीक सूत विकत घेतले आणि स्वतःच्या मागावर रेशीमकाठी माल विणणे चालू ठेवले. असा माल गिरणीला स्वस्तात काढता येत नव्हता, म्हणून गिरणी आल्यावरही त्यांचे माग कित्येक दशके चालले. ‘गिरणी आली आणि हातमाग मेला’ हे सोपे वाक्य त्यामुळे नागपुरास लागू पडत नाही. हातमाग मंदावला तो पुढे, यंत्रमाग आले आणि त्यासोबत पेहरावही बदलला तेव्हा. नऊवारी लुगडे रोजच्या वापरातून गेले, पुरुषांचे धोतर गेले, आणि मागाचा ठकठक आवाज एकेका गल्लीतून बंद होत गेला. मोमिनपुऱ्यातही विणकाम असेच आटले. तिथली तरुण मुले गॅरेज, कापड दुकाने, खानावळी आणि वाहतूक यांत गेली. आज मोमिनपुरा म्हटले, की बहुतेक नागपूरकरांना रमजानच्या रात्री गजबजलेली खाण्याची दुकाने आठवतात.

कोष्ट्यांच्या स्थित्यंतराची दुसरी खूण जिभेवर आहे. सावजी रस्सा हे हलबा कोष्टी समाजाच्या घरातले जेवण. माग बंद पडू लागल्यावर अनेक घरांनी ओसरीवर चार बाके टाकून सावजी भोजनालय सुरू केले. घरचा स्वयंपाक हाच पोटाचा धंदा झाला, आणि आज ज्या तिखट रश्श्याला सगळा महाराष्ट्र नागपूरची ओळख मानतो, त्याच्या मागे थांबलेल्या मागांची गोष्ट आहे. याच समाजापुढे कागदोपत्री ओळखीचा प्रश्नही उभा राहिला. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘हलबा’ हे नाव आहे, तेव्हा ‘हलबा कोष्टी’ त्यात धरायचे की नाही, हा वाद न्यायालयात गेला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचावी लागेल आणि तिचा अर्थ लावून इतरांना त्यात धरता येणार नाही. तोवर पक्क्या झालेल्या शिक्षणप्रवेशांना आणि नेमणुकांना त्या निकालाने संरक्षण दिले, तरी पुढच्या पिढीच्या वाटा बदलल्या. हा निकाल पाचपावली आणि टिमकीच्या गल्ल्यांत घरोघरी माहीत आहे. आपण कोण, हा प्रश्न तिथे केवळ अभिमानाचा नसून फी आणि नोकरी यांच्याशी जोडलेला आहे.

गिरणी कामगारांच्या वस्त्यांनी आणखी एक गोष्ट घडवली. रोख पगार, गावकीपासूनचे अंतर आणि एकत्र राहणी यांमुळे उत्तर नागपुरात शाळा, वाचनालये आणि संघटना उभ्या राहिल्या. किसन फागुजी बनसोडे यांचे लेखन आणि संघटन याच वातावरणातील, आणि हमाली करून शिकलेल्या जाईबाई चौधरी यांनी मुलींसाठी काढलेली चोखामेळा शाळाही इथलीच. १९४२ च्या जुलैमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना नागपुरात झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरासाठी हेच शहर निवडले, तेव्हा त्याला या वस्त्यांची चाळीस-पन्नास वर्षांची तयारी होती. धर्मांतरानंतर वस्त्या जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांचे रूप बदलले. विहारे उभी राहिली, चौकांना नवी नावे मिळाली, जुनी तुच्छतावाचक नावे लोकांनी स्वतः टाकून दिली. काम बदलल्यामुळे किंवा स्थलांतरामुळे वस्ती बदलते, हे या लेखात मी वारंवार सांगतो आहे. लोकांनी स्वतःच्या निर्णयाने वस्तीचा अर्थ बदलल्याचे मोठे उदाहरण मात्र हेच आहे.

रुळांच्या पलीकडे

इंग्रजांच्या काळात शहराची नवी सीमा कोटाऐवजी रेल्वेच्या रुळांनी ठरवली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. कचेऱ्या, न्यायालये, अधिकाऱ्यांचे बंगले, चर्च आणि मिशनच्या शाळा रुळांच्या पश्चिमेला, सिव्हिल लाइन्स आणि सदर या भागांत उभ्या राहिल्या. जुने शहर पूर्वेला राहिले. मधली बर्डी (सीताबर्डीला नागपूरकर बर्डीच म्हणतात) ही दोन्हींची सामाईक बाजारपेठ झाली. पूर्व नागपूर आणि पश्चिम नागपूर असा जो भेद आजही बोलण्यात, जमिनीच्या भावात आणि सोयरीक जुळवतानासुद्धा जाणवतो, त्याचे मूळ इथे आहे.

प्रांताच्या कारभाराने आणि रेल्वेने शिकलेली माणसे दूरदूरहून आणली. बंगाली वकील, अध्यापक व रेल्वे कर्मचारी आले. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे बंगालीच होते. अठराव्या शतकात बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या भोसल्यांच्या राजधानीत बंगाली कुटुंबे मानाने स्थायिक झाली आणि धंतोलीत दुर्गापूजा होऊ लागली, हे इतिहासातील एक सुखद वळण आहे. महाल आणि शुक्रवारी भागातील मराठी मध्यमवर्गही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ अशा नव्या वस्त्यांकडे निघाला. प्लेगची भीती, दाट वस्ती, पश्चिमेकडच्या कचेऱ्या आणि महाविद्यालये अशी त्याची अनेक कारणे होती. ज्यांना पगार आणि पत होती ते आधी गेले. ज्यांचे माग, भट्टी, घाणा किंवा दुकान घरातच होते, त्यांना घर सोडणे म्हणजे धंदा सोडणे होते, म्हणून ते राहिले. जुन्या शहराच्या सामाजिक रचनेत झालेला सर्वांत मोठा बदल एवढ्या एका फरकात आहे.

१९३६ च्या कायद्याने शहराची आखणी व सुधारणा करणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. सेंट्रल अॅव्हेन्यूचा रुंद रस्ता जुन्या शहराच्या अंगातून काढण्यात आला, आणि आरंभी सांगितलेल्या मेट्रोच्या तीन स्थानकांची रांग त्याच रस्त्यावर आहे. या रस्त्याने इतवारी आणि गांधीबागेच्या घाऊक बाजाराला ट्रकची वाट दिली. मारवाडी, गुजराती, परवार जैन आणि दाऊदी बोहरा व्यापारी तिथे आधीपासून होतेच. बोहरा समाजातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या झालेल्या एका छोट्या पंथाचे तर मेहदीबाग हे केंद्रच नागपुरात आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, जरीपटका आणि खामला इथे राहिले, आणि व्यापारासाठी जुन्या शहरात उतरले.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि शंभर वर्षांची राजधानी गेली. मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला आणि आपला मुंबईला गेला. नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन इथे भरते, पण वर्षातले काही आठवडे येणारे सरकार वस्ती घडवत नाही.

वाडा कसा संपतो

महालात किंवा इतवारीत जुना वाडा पडलेला पाहिला, की वारसांच्या बेफिकिरीला दोष दिला जातो. माझ्या मते हा दोष बहुतांशी अन्यायाचा आहे. चार पिढ्यांत एका वाड्याचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात. त्यांतले दोघे पुण्यात, एक अमेरिकेत, आणि सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत माळवद खचलेले असते. शिवाय वाड्याच्या पुढच्या खोल्यांत भाडेकरू असतात. १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशानुसार विदर्भात घरमालकाला नोटीस देण्यापूर्वीही नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, आणि भाडे वर्षानुवर्षे जवळजवळ गोठलेले असे. टंचाईच्या काळात गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावे हा त्यामागील हेतू योग्यच होता. पण महिन्याच्या भाड्यातून एक कवेलूही बदलता येईना, म्हणून मालकाने डागडुजी सोडली, आणि भाडेकरूने परक्याच्या घरावर खर्च केला नाही. राज्यभर लागू होणारा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा २००० पासून अमलात आला, तोवर अनेक वाडे दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते.

वाडा असा रिकामा झाला, की पुढचे पाऊल ठरलेले असते. शेजारच्या घाऊक बाजाराला गोदामासाठी जागा हवी असते. आधी तळमजल्यावर माल येतो, मग माजघरात, मग वरच्या मजल्यावर. शेवटी जागा विकली जाऊन खाली गाळे आणि वर सदनिका अशी इमारत उभी राहते. राहणारी माणसे कमी झाली, की शाळेचे वर्ग ओस पडतात, दूधवाला आणि शिंपी निघून जातात, आणि उरलेल्या कुटुंबांनाही मनीषनगर किंवा बेसा अशा नव्या वस्त्यांकडे जावेसे वाटते. एम्प्रेस मिलही १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आणि निवासी मनोरे आहेत. १९०१ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास असलेले हे शहर २०११ मध्ये चोवीस लाखांवर पोहोचले, परंतु ही वाढ जवळजवळ सगळी कोटाबाहेरची आहे.

तरीही जुने शहर केवळ आठवणींचे झालेले नाही. चितार ओळीत पोळ्याच्या आधीपासून मातीचे ढीग पडतात, गणपती आणि त्यानंतर देवी तिथूनच शहरभर जातात. मूर्ती घडवणाऱ्यांत आता इतर समाजांचे कारागीरही आहेत. पितृपक्षात भोसल्यांचा हडपक्या गणपती बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घालवण्यासाठी केलेले स्त्रीरूपी पुतळे, निघतात. पिवळी जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची, आणि दोघींची भेट इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी होते. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक दरवर्षी नव्या पीडेचे बडगे (पुतळे) सोबत घेते : कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रोगराई. त्या दिवशी इतवारीच्या गल्लीत उभे राहिले, की धोतरातले म्हातारे, जीन्समधली मुले, गच्चीवर ओळीने बसलेल्या बायका, आणि दुकानाच्या फळीवर लेकराला उभे करून दाखवणारे बोहरा दुकानदार एकाच वेळी दिसतात. त्यांतली कित्येक कुटुंबे सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेली असतात, कारण मारबत पाहायची ती आजोळच्याच ओट्यावरून, असे त्यांच्याकडे ठरलेले आहे. ओटा शाबूत असेल तर ते तिथेच बसतात. जिथे तो रस्तारुंदीत गेला आहे, तिथे शेजारच्या दुकानदाराला सांगून त्याच्या पायरीवर जागा धरतात आणि मुलांना हात करून दाखवतात, की आपला दरवाजा इथे होता.